आईसाहेब, दोन घास घ्या

मराठीत 'तू' म्हणायला हक्काचं माणूस लागतं. लग्न होऊन औरंगाबादला येईपर्यंत मला हे कधी कळलंच नव्हतं. माझं माहेर सोयगावकडचं. तिथं मी उठल्यापासून झोपेपर्यंत सगळ्यांना तूच म्हणायची. आईला तू, भावांना तू, गोठ्यातल्या गायीला तू, देव्हाऱ्यातल्या देवीलाही तूच. शहरात आले आणि नवऱ्याला अहो, सासूबाईंना तुम्ही, घरमालकांना तुम्ही, दूध घालणाऱ्या म्हाताऱ्यालाही तुम्ही. नवरा, म्हणजे आमच्या भाषेत 'हे', मला तू म्हणायचे. पण यांचं बोलणं बहुतेक वेळा डबा, किल्ली आणि सायकलची हवा यांच्यापुढे जात नसे. मुलगी झाली तेव्हा बायका येऊन विचारायच्या, पहिली मुलगीच झाली, वाईट वाटलं का गं? कसलं वाईट! त्या एवढ्या मोठ्या गावात हक्कानं तू म्हणायला मला कुणीतरी मिळालं होतं.

आम्ही गारखेड्याच्या बाजूला राहत होतो. आज तिथं बोट ठेवायला जागा नाही, पण तेव्हा वस्ती संपून ज्वारीची शेतं सुरू व्हायची. दोन खोल्या, वर पत्रे, मागं हातभर अंगण आणि अंगणाच्या छातीएवढ्या भिंतीपलीकडे शेजारीण. हे चिकलठाण्याच्या एका कारखान्यात पाळीनं कामाला जायचे. पाळी बदलली की झोप बदलायची, त्यामुळे घरी असले तरी बहुधा झोपलेलेच असायचे. मी आणि पोरगी कुजबुजत खेळायचो, कुजबुजत भांडायचो. कधी हसू आवरलं नाही तर अंगणात पळायचो.

दीड वर्षाची झाल्यावर ती बोलायला लागली, आणि स्वतःला 'तू' म्हणायला लागली. आम्ही सगळे तिला तू म्हणत असू, त्यावरून ते आपलं नावच आहे असं तिला वाटलं असावं. तहान लागली की 'तुला पाणी'. भूक लागली की 'तुला भूक'. पडली की रडत यायची, 'तू पडली'. मी विचारायची, "मग मी कोण गं?" तर म्हणायची, "आई." तिच्या हिशेबात जगात एक आई होती आणि एक तू. हे म्हणायचे, "नीट शिकीव की तिला. 'मला' म्हन म्हनावं." मी काही शिकवलं नाही. शाळेत जाऊन शिकेलच की, घाई कसली! मला ते ऐकायला फार आवडायचं.

ती दोन वर्षांची झाली त्या वर्षी माघ संपताना तिला गोवर निघाला. आधी नाक वाहिलं, मग डोळे लाल झाले, उजेड सोसेना, ताप चढला. मग कानामागून पुरळ उतरलं ते तोंडावर, मानेवर, पोटावर पसरलं. शेजारणीनं भिंतीवरून बघितलं आणि ओढणी तोंडाला लावली. "ये तो गोवर है गे अम्मा. मैं अब अंदर नै आती, मेरे घर में बी छोटे हैं. बुरा नक्को मान." वाईट कसलं मानणार? तिच्या जागी मीही तेच केलं असतं. पण ती मागं सरली आणि भिंत एकाएकी उंच झाल्यासारखी वाटली.

यांनी गावाकडे, फुलंब्रीला जाणाऱ्या गाडीच्या कंडक्टरजवळ निरोप दिला आणि दुसऱ्या दिवशी सासूबाई हजर झाल्या. पिशवीत लिंबाचा पाला, दोन नारळ आणि गावरान तांदूळ. उंच, काटक बाई. त्यांच्या तोंडाला गावात कुणी लागत नसे. मला त्या एका वाक्यात दहा चुका दाखवायच्या आणि वर म्हणायच्या, "मी बोलते म्हनून कळतंय तरी." त्या दिवशी मात्र माझ्यावर एकदाही ओरडल्या नाहीत. दाराला लिंबाचे डहाळे बांधले, हातपाय धुतले आणि पोरीच्या अंथरुणापासून वीतभर लांब बसल्या.

"बाया आल्यात घरात," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आता फोडनी द्यायची नाय. तळन नाय. त्यानं दाढी करायची नाय. भाईरून आलं की हातपाय धुतल्याबगर आत यायचं नाय. दवाखाना नाय. आन् सगळ्यात मोठं म्हंजी, हितं आगं-तुगं करायचं नाय."

"कुणाला?" मी विचारलं.

"ह्यांना." त्यांनी माझ्या पोरीकडे उघडा हात केला. "आता ही तुजी लेक नाय. बोळवन होईस्तोर आईसाहेब म्हनायचं. नाव घ्यायचं नाय, तू म्हनायचं नाय, रागं भरायचं नाय. वंगाळ सबूद तर तोंडातून काडायचाच नाय."

आमच्याकडे गोवर म्हणजे देवी पाहुणी म्हणून अंगात येऊन बसते अशी समजूत. पाहुणीचा मान राखायचा, आणि ताप, पुरळ सगळं गेलं की पोराला लिंबाच्या पाण्यानं न्हाऊ घालून, दहीभाताचा नैवेद्य घेऊन तिला शिवेपर्यंत पोचवून यायचं. ती बोळवण. हे सगळं मला माहेरीही माहीत होतं. पण आई आम्हाला गोवर निघाला तेव्हाही तूच म्हणायची, उलट जास्तच. हे आईसाहेब प्रकरण मी पहिल्यांदा ऐकत होते. मला हसू येणार होतं, पण सासूबाईंच्या चेहऱ्याकडे बघून ते आतच राहिलं. भांडण झालं असतं तर बरं, असा तो चेहरा होता.

मग सुरू झाला आमचा दरबार. "आईसाहेब, नाक पुसू द्या." "आईसाहेब, शी झाली का आपल्याला?" "आईसाहेब, असं पाय नका झाडू, सांडेल." दोन वर्षांची नाकातोंडातून गळणारी आईसाहेब अंथरुणावर पडलेली आणि मी हात बांधून समोर. हे कारखान्यात गेले तर तिथली वेगळीच तऱ्हा. साहेब पुण्याकडचे, नवे आलेले. त्यांनी विचारलं, दाढी का वाढवलीय? यांनी खरं ते सांगितलं, "घरी बाया आल्यात." साहेब म्हणाले, "अहो, मग तर दाढी करायला हवी!" हे घरी येऊन हे सांगायला लागले आणि मला इतकं हसू आलं की पदर तोंडात कोंबावा लागला. त्या दिवसांत हसल्याचं मला एवढंच आठवतं.

सासूबाई पुरळ मावळेपर्यंत राहिल्या. गावाकडे ज्वारी काढणीला आली होती, मजूर सांगून ठेवलेले होते, त्यांना जाणं भाग होतं. जाताना उंबऱ्यात उभ्या राहून पुन्हा म्हणाल्या, "ताप गेला की मंगळवार बगून सांगावा धाड. मी येती. तवर मोडायचं नाय." मी मान हलवली. मला वाटलं, आठवडाभराचा प्रश्न आहे.

पुरळ गेलं. त्वचेचा कोंडा होऊन पडला. पण ताप जाऊन परत आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. खोकला छातीत बसला. पोट बिघडलं ते बिघडलंच. डोळ्यांना चिपडं धरायची. आणि अंगात ताप असताना पाहुणीला निरोप कसा द्यायचा? तिला तर अजून राहायचंय. म्हणजे बोळवण नाही, म्हणजे फोडणी नाही, म्हणजे तू नाही. शिमगा आला आणि गेला. बाकीच्या घरांत पुरण शिजलं, आमच्याकडे मऊ भात.

फोडणी नसलेलं घर कसं असतं ते ज्यांनी भोगलं त्यांनाच कळेल. घराला वासच राहत नाही. मीठ घातलेलं मुगाचं पाणी, ज्वारीची पेज, भात, पुन्हा पेज. संध्याकाळी शेजारीण डाळीला बघार द्यायची, लसूण आणि सुक्या मिरचीचा. मी पातेली घासायचं निमित्त करून भिंतीपाशी जाऊन बसायची आणि तो वास घ्यायची. दारावरच्या लिंबामुळं कुणी येत नव्हतं. दूधवाला म्हातारा मापटं पायरीवरच्या पातेल्यात ओतून जायचा, वर बघायचा नाही. शाळेतून येणारी पोरं आमच्या दारापुढून जाताना रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं पळायची. माझी आई आली असती, पण वहिनी बाळंतपणाला टेकलेली. तिनं येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर काढ्याची पुडी पाठवली. मी पुडीचा वास घेतला, आमच्या घराचा वास. आणि मग बराच वेळ ती पुडी हातात धरून नुसती बसून राहिले.

एकटेपण मला नवीन नव्हतं. पण पोरगी जवळ असतानाचं हे एकटेपण मला सोसत नव्हतं. माहेरी माझी आई रुसली की देवीशी भांडायची. देव्हाऱ्यासमोर कमरेवर हात ठेवून म्हणायची, "तुला डोळे हायेत का नाय गं?" मलाही तीच सवय. पण आता देवी बसली होती पोरीच्या अंगात, आणि पोरीला तू म्हणायची सोय नव्हती. त्या गावात माझे तू दोनच, एक देवी आणि एक लेक. सासूबाईंनी दोन्ही एका फटक्यात काढून नेले होते. मी शहाणी होते, सातवीपर्यंत शिकले होते, हे सगळं खोटं आहे असं माझं मन अधूनमधून म्हणायचं. पण पोरीचा ताप हाताला लागला की ते मन गप्प व्हायचं. माझ्या एका शब्दानं हिचं काही बरंवाईट झालं तर? ती भीती एकदा आत शिरली की शिक्षण वगैरे कामाला येत नाही.

आणि पोरगी बोलेनाशी झाली. तुला पाणी नाही, तुला भूक नाही. काहीच मागायची नाही. भिंतीकडे तोंड करून उघड्या डोळ्यांनी पडून राहायची. मी म्हणायची, "आईसाहेब, दोन घास घ्या," तर ओठ मिटून घ्यायची. मी जवळ गेले तरी तिचे डोळे माझ्यावर येऊन थांबत नव्हते. हात मनगटाशी इतके बारीक झाले की बांगडी कोपरापर्यंत चढायची. मला वाटलं, अशक्तपणा आहे. बोलायचीसुद्धा ताकद उरली नाही.

शेवटी मी यांना म्हणाले, "मी हिला डॉक्टरकडे नेणार. तुम्ही आला नाहीत तर एकटी नेईन." हे थोडा वेळ दाढी खाजवत बसले. मग म्हणाले, "चल. पन माईला सांगू नको." पोरीला शालीत गुंडाळून मी सायकलवर मागं बसले. चौकापलीकडे एका डॉक्टरांचा दवाखाना होता. डॉक्टर वयस्क होते, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी छाती तपासली, डोळे बघितले, पोट दाबलं आणि गालाला हात लावून म्हणाले, "काय गं बाळ, काय होतंय तुला?"

पोरीनं मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. चांगलं रोखून बघितलं. ओठ हलले, पण आवाज आला नाही. मला खरं सांगायचं तर राग आला. परक्या माणसाकडे बघतेस, आणि मी इतके दिवस समोर बसलेय ती दिसत नाही का?

डॉक्टर म्हणाले, गोवर कधीच संपला. तो जाताना छाती आणि पोट बिघडवून गेलाय, ते असं रेंगाळतं. डोळ्यांचं आणि खोकल्याचं औषध देतो. पण औषधानं थोडंच होणार आहे, हिच्या पोटात अन्न जायला पाहिजे. "हिला खाऊ घाला. तेल, तूप, वरणभात, जे खाईल ते. चार-पाच दिवसांत खायला लागली नाही तर दवाखान्यात ठेवून सलाईन लावावं लागेल. अंगात काही उरलेलं नाही तिच्या." परत येताना हे सायकल ओढत पायी चालले.

पुढचे दिवस मी घास घेऊन तिच्या मागे होते. पेज, भात, साखरेचं पाणी, केळं कुस्करून. "आईसाहेब, एवढं घ्या. आईसाहेब, आपल्या पाया पडते." चमचा ओठांना लागला की मान फिरायची. जबरदस्तीनं घातलं तर ओकून टाकायची. मी हात टेकले होते. अंगणात तिची दुपटी धुऊन वाळत घालत होते तेव्हा शेजारणीनं भिंतीवरून माझ्याकडे बघितलं. पोरीचं विचारलं नाही. म्हणाली, "तू कुच खाई क्या नै?"

तू. किती साधा शब्द. मी ओलं दुपटं तोंडाला लावलं आणि उभ्या जागी हुंदके देऊन रडले. ती भिंतीपलीकडे, मी अलीकडे. तिनं भिंतीवर डाळीची वाटी ठेवली, वर बघार तरंगत होता. मग तिच्याच लक्षात आलं, आणि वाटी मुकाट्यानं उचलून घेतली. आमच्या घरात काय चालत नाही हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

त्याच दुपारी ते घडलं. ऊन चढलं होतं, पत्रे तापून कडकड वाजत होते, हे पाळीवर गेलेले. मी पेज निववून आणली. पोरीला मांडीवर घेतलं, एका हातानं मान धरली. "आईसाहेब, दोन घास." तिनं हाताचा असा फटका मारला की वाटी उडाली आणि सगळी पेज गोधडीवर. घरात कोरडी उरलेली तेवढी एकच गोधडी. मी सकाळपासून तीनदा धुणं धुतलं होतं. माझ्या डोक्यात सणक गेली.

"अगं ए गधडे! काय करतेस तू? अक्कल आहे का तुला? मरमर मरते मी इथं तुझ्यासाठी आणि तू..."

आणि जीभ चावली. झालं, मोडलं सगळं. मी पोरीला गोधडीवर ठेवलं, हात जोडले आणि डोळे मिटून बसले. माफी मागायची तर कुणाची आणि कोणत्या शब्दांत, तेही सुचेना. तू म्हणू की तुम्ही म्हणू?

"तू," असा आवाज आला.

मी डोळे उघडले. पोरगी माझ्याकडे बघत होती. भिंतीकडे नाही, छताकडे नाही, माझ्याकडे. तोंड वेडंवाकडं झालेलं, खालचा ओठ थरथरत होता.

"तुला भूक," ती म्हणाली.

मला क्षणभर वाटलं, ती मला विचारते आहे. शेजारणीसारखी, तू काही खाल्लंस का? आणि मग लख्ख कळलं. अगं, ही स्वतःचं सांगतेय! हिच्या घरातून आम्ही हिचं नावच काढून घेतलं होतं. आईसाहेबांना भूक लागली का, आईसाहेबांना पाणी हवं का, दिवसभर मी कुणा आईसाहेबांची चौकशी करत होते, तिची कुणी करतच नव्हतं. मग ती मागणार तरी कुणासाठी?

मी पातेल्याच्या तळाची पेज बोटानं चाटवली. मग चमच्यानं. तिनं गिळली. "तुला अजून हवी? तुला? घे गं, तू घे, तूच घे सगळी." इतक्या दिवसांचे साठलेले तू मी एका दुपारी बोलून टाकले. ती खाता खाता रडत होती, मोठ्यानं, घसा फाडून, बऱ्या पोरांसारखी. मीही. शेजारीण भिंतीवरून विचारत होती, "क्या हुआ गे? क्या हुआ?"

यानंतर चमत्कार वगैरे काही झाला नाही. ताप त्या संध्याकाळी परत आलाच. खोकला पुढे बरेच दिवस राहिला, पोट सावकाश ताळ्यावर आलं. पण ती खायला लागली. दवाखान्यात ठेवायची वेळ आली नाही. मी घरात तू म्हणत होते आणि यांच्यासमोर आईसाहेब म्हणत होते. यांनी एकदा दारातून ऐकलं, हातपाय धुऊन आत आले आणि पोरीला विचारलं, "काय गं, जेवली का तू?" पाडव्याला सगळ्या वस्तीनं गुढीला लिंब बांधला तेव्हा आमचं दार पहिल्यांदा इतरांसारखं दिसलं. त्यानंतर ताप आला नाही. मी फुलंब्रीच्या गाडीनं सांगावा धाडला.

सासूबाई मंगळवारी सकाळी आल्या. उन्हानं रापलेल्या, हाताला ज्वारीच्या धांड्यांचे चरे. त्यांनी पोरीला लिंबाच्या पाण्यानं न्हाऊ घातलं, हळदकुंकू लावलं. दहीभाताचा नैवेद्य, नारळ, खण असं ताट भरलं. आम्ही तिघी निघालो. सासूबाई ताट घेऊन पुढं, पोरीला कडेवर घेऊन मी मागं. वस्तीच्या टोकाला, शेतं सुरू होतात तिथं बाभळीखाली त्यांनी ताट रिकामं केलं, नारळ फोडला आणि कपाळ जमिनीला टेकलं. "आईसाहेब, चुकलंमाकलं पदरात घ्या. सुकानं जावा."

परत येताना मागं वळून बघायचं नसतं. आम्ही सरळ समोर बघत चालत होतो. थोडं अंतर गेल्यावर त्यांनी तसंच समोर बघत विचारलं, "कुनी वंगाळ बोललं नाय ना ह्या दिसांत?"

खोटं बोलायचं ठरवून आले होते मी. पण पोरगी कडेवर गुणगुणत होती, तिचं वजन हाताला जाणवत होतं, आणि मला खोटं बोलावंसं वाटेना.

"मी बोलले," मी म्हणाले. "गधडी म्हणाले. तू म्हणाले. त्याच दिवसापासून ती खायला लागली. त्याआधी तिनं बोलणंच सोडलं होतं." आणि ती काय म्हणाली, स्वतःला तू कशी म्हणते, तेही सगळं सांगून टाकलं. आता बोलणी बसणार म्हणून मी तयार होते.

सासूबाईंच्या चपलांचा आवाज तेवढा येत होता. त्यांचं तोंड मला दिसत नव्हतं, त्या पुढं आणि मी मागं.

"माजी पयली लेक," त्या म्हणाल्या. "तुज्या नवऱ्याच्या आदीची. निजामावर पोलीस ॲक्शन झाली त्याच्या फुडल्या साली तिला गोवर निगाला. एवढीच व्हती. लई किरकिरायची. पदर धरून बसायची, सोडायची नाय. भाईर मळनी पडली व्हती, मानसं हाका मारायलेली. म्या म्हनलं, मर की एकदाची, सोड मला."

यांना कुणी मोठी बहीण होती हेच मला माहीत नव्हतं.

"मंग भ्याले," त्या पुढं म्हणाल्या. "म्हनलं, बाया कोपतील. तवापासून म्या तिला आईसाहेब म्हनाया लागले. हात जोडून तिच्याम्होरं बसले. मांडीवर बी घेतली नाय, देवीला कसं मांडीवर घेनार? ती बगायची माज्याकडं. म्या आईसाहेब म्हनलं की बगायची, आन् मंग भिंतीकडं तोंड करायची. जाईस्तोर तसंच." त्यांनी रिकामं ताट या हातातून त्या हातात घेतलं. "मला इतकी सालं वाटायचं, म्या मर म्हनले म्हनून गेली. आज तू सांगितलंस तवा कळलं. तिला वाटलं आसंल, माय दुसऱ्याच कुनासंगं बोलतीया."

त्यांचे खांदे हलायला लागले. ज्या बाईच्या तोंडाला गाव लागत नव्हतं, ती भर उन्हात रस्त्यावर चालता चालता रडत होती, आणि मागं वळून माझ्याकडे बघू शकत नव्हती. मला वाटलं, पुढं पळत जावं, त्यांच्या गळ्यात हात टाकावा आणि माझ्या आईला म्हणाले असते तसं म्हणावं, रडू नकोस गं तू.

पण त्या माझ्या सासूबाई होत्या.

"रडू नका," मी म्हणाले.